घरगुती मत्स्यालयांतील ओझोन

काचेच्या हौदांत समुद्राचें पाणी भरून रंगीबेरंगी मासे पाळणें ही हौस खर्चाची, तशीच जबाबदारीचीहि आहे. माशांची विष्ठा व उरलेलें खाद्य यांमुळें पाणी हळूहळू पिवळट होतें. तें निवळशंख व्हावें म्हणून कित्येक हौशी लोक ओझोनचें यंत्र जोडतात. वायु गुणकारी खरा. परंतु पाण्यांतील मळ जाळण्याची त्याची शक्ति माशाचे कल्ले आणि माणसाचीं फुफ्फुसें यांनाहि तितकीच घातक आहे.

प्राणवायूच्या रेणूंत दोन परमाणु असतात, ओझोनच्या रेणूंत तीन. तिसरा परमाणु सहज सुटतो व भेटेल त्या सेंद्रिय द्रव्याशीं संयोग पावतो. त्यामुळें पाण्याचा रंग जातो, जंतूहि मरतात. फ्रान्समधील नीस शहरीं पिण्याचें पाणी याच रीतीनें शुद्ध करण्यास १९०६ सालीं आरंभ झाला.

म्हणून पहिला नियम असा कीं, ओझोन माशांच्या हौदांत सरळ कधींहि सोडूं नये. पाणी बाहेर काढून स्किमर नांवाच्या, फेस उठविणाऱ्या नळकांड्यांत न्यावें, तेथेंच ओझोनशीं त्याची गांठ घालावी आणि परत येतांना तें सक्रिय कोळशाच्या थरांतून गाळावें. समुद्रजलांतील ब्रोमाइडपासून ओझोनमुळें जीं विषारी द्रव्यें बनतात, तीं ओझोन विरल्यावरहि मागें राहतात. नळकांड्यांतून निसटणारी हवाहि कोळशांतूनच बाहेर सोडावी.

दर १०० लिटर पाण्यास ताशीं सुमारें ५ मिलिग्रॅम ओझोन आरंभास पुरे. पाण्याची ऑक्सिडीकरणशक्ति मोजणारें व मर्यादा ओलांडतांच यंत्र बंद करणारें उपकरण अवश्य जोडावें. ती ३५० मिलिव्होल्टच्या सुमारास ठेवावी. ४०० च्या पुढें जाऊं देऊं नये. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत यंत्रांत शिरणारी हवा सिलिका जेलवरून कोरडी करून घ्यावी. दमट हवेनें ओझोन घटतो आणि यंत्रांत नत्राम्ल सांचतें. रबरी नळी ओझोननें तडकते, सिलिकोनची वापरावी.

अमेरिकेंतील कारखान्यांच्या नियमाप्रमाणें आठ तासांच्या कामांत हवेच्या दहा लक्ष भागांमागें सरासरी ०.१ भागाहून अधिक ओझोन चालत नाहीं. त्याचा उग्र वास त्याहून अल्प प्रमाणांतहि येतो. मात्र नाक लवकरच त्या वासास सरावतें. म्हणून वास येतांच यंत्र बंद करावें, खिडक्या उघडाव्या आणि गळती सांपडेपर्यंत तें पुन्हां चालूं करूं नये. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असें मानूं नये.