लांबचा विमानप्रवास : पायांना विसरू नका

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. मुलगी न्यूयॉर्कला असते. तिच्या बाळंतपणासाठी दोघे नवरा-बायको निघाले होते. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून हव्यात, एवढेच काम. मी विचारले, "गुरुजी, प्रवास किती तासांचा?" ते म्हणाले, "थेट विमान आहे, डॉक्टरसाहेब. सोळा तास बसायचे आणि उतरायचे."

मी कागदावर हिशेब मांडला. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानाला १५-१६ तास. पण त्याआधी लातूरहून मुंबईपर्यंत रात्रीच्या बसचे १० तास, विमानतळावर ३-४ तास. म्हणजे घर सोडल्यापासून जवळजवळ ३० तास, तेही बहुतेक बसून! गुरुजी कागदाकडे पाहतच राहिले.

पोटरीचे स्नायू हलले की पायातले रक्त वर ढकलले जाते. तासन्‌तास पाय लोंबकळत राहिले की ते साचते आणि कधी खोल शिरेत गुठळी होते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो थोडाच, सुमारे सहा हजारांत एक. पण बस, रेल्वे, मोटार यांनाही हेच लागू आहे. एसटी काय आणि विमान काय, पायांना दोन्ही सारखेच.

काही वर्षांपूर्वी माझ्या एक रुग्ण परदेशातून परतल्या. चौथ्या दिवशी डावा पाय सुजला. प्रवासाचा शीण समजून त्या तीन दिवस तेल चोळत राहिल्या. मग एका रात्री दम लागला. वेळेत रुग्णालय गाठले म्हणून वाचल्या. जाण्यापूर्वी त्या माझ्याकडूनच गोळ्या घेऊन गेल्या होत्या आणि मी पायांबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो.

गुरुजींना म्हटले, "दर तासाला शाळेची घंटा झाली असे समजा आणि उठून फेरी मारा." उठता आले नाही तर बसल्या जागी टाचा आणि चवडे वर-खाली करावेत. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहावे. मद्य आणि झोपेची गोळी टाळावी. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोग किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना भेटावे. घट्ट मोजे लागतील का, ते तेच सांगतील. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

औषधे आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. जाताना दिवस लांबतो, येताना आखूड होतो. मधुमेहींनी डोसाचे वेळापत्रक आधीच लिहून घ्यावे.

परतल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवावे. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली तर चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. दम लागला किंवा छातीत दुखले तर थेट रुग्णालय गाठावे.

गुरुजींनी कागदाची घडी खिशात ठेवली. "खिडकीची जागा मागितली होती," ते म्हणाले, "आता मुलीला सांगतो, कडेची घे."