वेणी घालू नये, असे पेत्राला म्हणायचे आहे का?

सिहोऱ्यातल्या बंधुभगिनींनो, पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय आपल्या ओळखीचा आहे. केसांची गुंफण, सोने, उंची वस्त्रे यांत खरी शोभा नाही. सौम्य आणि शांत मन देवाला मोलाचे वाटते, असा त्याचा आशय. वाचन झाले की आपण सगळे माना डोलावतो. आणि त्याच आठवड्यात मुलगी बघून आलेली माणसे सांगतात, "पोरगी गुणाची आहे, पण रंगाने जरा..." पुढचे बोलायची गरजच पडत नाही. हे ख्रिस्ती घरांतही चालते, म्हणून आज त्यावर उघड बोलू.

आपला मुलूख धानाचा. धान घेणारा नुसते टरफल बघून भाव ठरवत नाही. मूठभर हातावर चोळतो, दाणा भरला की पोचट ते बघतो. पोरगी काही माल नव्हे. पण तिच्याबाबत आपण तेवढेही कष्ट घेत नाही.

शमुवेल संदेष्टासुद्धा इथे चुकत होता. इशायाच्या घरी थोरला अलियाब समोर आला, उंच, धिप्पाड. शमुवेलाला वाटले, हाच राजा. परमेश्वराने अडवले: माणूस बाहेरचे बघतो, मी अंतःकरण बघतो. आता गंमत बघा. पुढे दावीद येतो तेव्हा शास्त्र आवर्जून सांगते की तो देखणा होता, डोळे सुंदर होते. म्हणजे रूप हा काही दोष नव्हे. निवड रूपावरून झाली नाही, एवढेच.

मग पेत्राच्या सांगण्याचा अर्थ काय? दागिने, सोने, केशरचनेचा थाट ज्यांना परवडतो, त्यांना तो बोलतो आहे. जिच्याकडे काहीच नाही तिला "साधी राहा" म्हणण्यात काय अर्थ? आणि जिचे सगळे जबरदस्तीने काढून घेतले आहे, तिला?

हा प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात उभा राहिला होता. पंडिता रमाबाईंनी 1887 च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ब्राह्मण विधवांचे हाल लिहिले. दागिने उतरवायचे, केशवपन करायचे, मंगल कार्यात तोंड दाखवायचे नाही. वरवर पाहिले तर ना वेणी, ना सोने, ना उंची वस्त्र. पेत्राची अट पुरी! पण तो साधेपणा नव्हता, शिक्षा होती. सक्तीने विद्रूप करणे हेसुद्धा बाईला बाहेरूनच मोजणे आहे. आमच्या मते या शास्त्रभागावर बोलताना आपण नेमके हेच विसरतो.

रमाबाई स्वतः साध्याच राहत. छायाचित्रांत आखूड केस आणि पांढरे लुगडे दिसते. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे 1896-97 चा दुष्काळ पडला. तेव्हाच्या मध्य प्रांतात, ज्यात आपला भंडारा जिल्हाही होता, माणसे अन्नावाचून मरत होती. रमाबाईंचे आईवडील दुष्काळातच गेलेले. त्यांना घरी बसवेना. त्या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुली-बायका सोबत घेऊन गेल्या. त्यातूनच पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन वाढले.

दुष्काळातल्या पोरी कशा दिसत असतील, याचा विचार करा. हाडांचे सापळे, अंगावर फोड, केसांत उवा. लग्नाच्या बाजारात त्यांना कोणी विचारले नसते. मुक्तीत मात्र आधी त्यांना खाऊ घातले, न्हाऊ घातले, धड कपडे दिले. शरीर नगण्य आहे, आत्मा तेवढा बघू, असे तिथे कोणी म्हणाले नाही. मग अक्षरओळख, शेती, विणकाम, छापखाना. आंधळ्या मुलींनाही वाचायला शिकवले.

तिथेच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. संस्कृतच्या पंडिता त्या, भरजरी भाषा त्यांना सहज जमली असती. पण खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. छपाईच्या कामात आश्रमातल्या बायकांचेच हात होते. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आले, आणि पेत्राचे हे पत्र त्यात होतेच.