नारळाच्या देशातून खैराच्या देशात

चरकसंहितेच्या कल्पस्थानात, पहिल्याच अध्यायात, झाडांची एक यादी आहे. खैर, धावडा, बोर, टेंभुर्णी, शमी, अर्जुन, शिसव, आवळा. ही झाडं जिथे वाढतात, आभाळ मोकळं असतं, वारा कोरडा वाहतो, उन्हात मृगजळ दिसतं आणि तित्तिर-लावे फिरतात, त्या भूमीला चरक ‘जांगल’ देश म्हणतो. तिथली माणसं काटक, पण वात आणि पित्त जोर करणारे. दुसरा ‘आनूप’ देश: नद्या, समुद्र, नारळ, केळी, दमट गार वारा. तिथली माणसं सुकुमार, आणि जोर कफाचा नि वाताचा. दोन्हींची लक्षणं मिसळलेला तिसरा, ‘साधारण’.

मी गुहागरची. नवऱ्याच्या बँकेतल्या नोकरीमुळे झाशी जिल्ह्यातल्या टहरौलीला आले आणि इथेच रमले. टहरौली तहसिलीचं गाव आहे. एका अंगाला गुरसराय, दुसरीकडे मऊरानीपूर. गुरसरायचं नाव मराठी माणसाला परकं वाटू नये. तिथलं संस्थान खेरांचं, म्हणजे पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या वंशाचं. गोविंदपंत मूळचे रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे, आणि पानिपतच्या मोहिमेत 1760 च्या डिसेंबरात मारले गेले. कोकणातून बुंदेलखंडात येणारी मी काही पहिली नव्हे, याचा मला इथे फार आधार वाटत आला आहे.

चरकाची ती यादी इथे वाचली तेव्हा मी उठून बाहेर पाहिलं. बोर होतं, खैर होता, वाटेवर टेंभुर्णी होती. आणि जे सोडून आले होते, ते नारळ-केळीचं अंगण दुसऱ्या यादीत होतं. माझ्या गावी पाऊस 3000 मिलिमीटरच्या पुढे जातो. इथे वर्षाला 850 ते 900, तोही सगळ्या वर्षी नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, जानेवारीत हात कापतात. आयुर्वेद शिकायचा तर सुरुवात कुठून करावी, याचं उत्तर मला तिथेच मिळालं: आपण कुठे राहतो, तिथून.

हल्ली फोनवर दहा प्रश्नांची उत्तरं दिली की ‘तुम्ही पित्त प्रकृतीचे’ असा निकाल येतो. मला हा प्रकार मान्य नाही. चरकाने विमानस्थानात वैद्याला सांगितलं आहे की, रोगी कोणत्या भूमीत जन्मला, कुठे वाढला आणि कुठे आजारी पडला, ते आधी विचार. तिथे लोक काय खातात, कसे वागतात, काय सोसतात, ते विचार. ज्या वृद्ध वैद्यजींकडे मी शिकायला बसत असे, त्यांचाही पहिला प्रश्न गावाचाच असायचा. गावाचं नाव ऐकलं की जमीन मार म्हणजे काळी, की राकड म्हणजे खडकाळ, हे त्यांना ठाऊक असे. घरात ज्वारी शिजते की गहू-हरभऱ्याच्या बिर्राची रोटी होते, याचा अंदाजही त्यावरून बांधत. नाडीला हात त्यानंतर.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात 120 अध्याय आहेत. त्यातला ऋतुचर्येचा अध्याय सूत्रस्थानात तिसरा आहे, आणि तो वाचताना इथल्या बायकांचं स्वयंपाकघर समोर उभं राहतं. ग्रीष्मात हलकं, गोड, पातळ, थंड खावं, सातू साखर घालून घ्यावेत, आणि एरवी निषिद्ध असलेली दुपारची झोप या ऋतूत घ्यावी. टहरौलीत एप्रिल लागला की घरोघरी सतुआ कालवला जातो आणि दुपारी बारा ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नाही. ताकात ज्वारी शिजवून केलेली महेरी सकाळी खातात. आमच्याकडच्या ताकातल्या कण्यांची ती सख्खी बहीण. हेमंतात रात्री मोठ्या, जठराग्नी प्रबळ, म्हणून स्निग्ध आणि जड अन्न पचतं. त्याच दिवसांत इथे तीळ-गुळाचे लाडू वळतात. यातल्या कुणीही वाग्भट वाचलेला नाही. मात्र ग्रंथ एक गोष्ट जास्तीची सांगतो, आणि ती शिकण्यासारखी आहे. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस हा ऋतुसंधी. त्या काळात जुनी सवय हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. होळीनंतर एकदम बर्फाचं पाणी सुरू करायचं नाही, ते यासाठी.

किती खावं, याचा हिशेब आठव्या अध्यायात आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत. दोन अन्नाने भरावेत, एक पातळ पदार्थाने, आणि चौथा वायूसाठी रिकामा ठेवावा. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला हीच मोजकेपणाची अट घातली आहे, आणि ज्ञानदेवांनी तिच्यावर विस्ताराने निरूपण केलं आहे. योग आणि आयुर्वेद एकमेकांना भेटतात ते आधी ताटावर.

पतंजलीच्या योगसूत्रांकडे मी नंतर वळले. सूत्रं सारी मिळून 195, काही पाठांत 196, पाद चार. आसनाविषयी त्यांत सूत्रं आहेत अवघी तीन: आसन स्थिर आणि सुखाचं असावं, प्रयत्न सैल सोडून मन अनंतात लावलं की ते साधतं, आणि मग थंडी-ऊन, सुख-दुःख अशा जोड्यांचा त्रास होत नाही. शीर्षासन नाही, मयूरासन नाही. ते सगळं पुढच्या हठयोगाच्या ग्रंथांत आलं. आठ अंगांत आसन तिसरं. त्याआधी यम आणि नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे नियम. आमच्या अंगणात पहाटे शेजारच्या बायका जमतात. त्या आल्या होत्या गुडघ्यांसाठी आणि पोटासाठी, आणि ‘जिज्जी, आसन सिखाओ’ हाच त्यांचा आग्रह होता. आसनं आम्ही करतोच. पण जी चर्चा रंगते ती यमांवर. सावकारी व्याजावर चालणाऱ्या घरात अपरिग्रह म्हणजे काय, यावर इथली सत्तरीची अम्मा ज्या तळमळीने बोलली, तसं विवेचन मी कुठल्या टीकेत वाचलेलं नाही.

पहिल्या पादातलं एक सूत्र तर गावात राहणाऱ्या माणसासाठीच सांगितल्यासारखं आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी आनंद, पाप करणाऱ्याकडे उपेक्षा, या चार भावनांनी चित्त प्रसन्न राहतं. हातपंपावर रांग लागली असता चौघींमध्ये या चारही भावनांची परीक्षा होते. शेजारणीच्या नव्या साडीकडे मैत्रीने पाहणं हे तासभर श्वास मोजण्यापेक्षा कठीण आहे, आणि पतंजली ते आधी करायला सांगतो.

या दोन्ही शास्त्रांचा सांधा मला ज्या जागी सर्वांत स्पष्ट दिसला, ती जागा चरकाच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय. त्यात तेरा वेग सांगितले आहेत जे कधी अडवू नयेत: मूत्र, मल, शुक्र, अपानवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप, आणि श्रमानंतरचा श्वास. प्रत्येक अडवला तर कोणता रोग होतो तेही दिलं आहे. लगेच पुढे, ज्यांना आवरलंच पाहिजे असे वेग: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, मत्सर, कठोर बोलणं, चुगली, हिंसा, चोरी. ही दुसरी यादी पतंजलीच्या यमांशेजारी ठेवून पाहा. शरीराचं ऐका, मनाचे लोंढे आवरा. आणि चरक इथेच थांबत नाही. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात तो योगाची आणि मोक्षाची चर्चा करतो. रोगाच्या मुळांमध्ये तो ‘प्रज्ञापराध’ ठेवतो, म्हणजे बुद्धी, धैर्य आणि स्मृती ढळल्यामुळे माणूस स्वतःच जे अहिताचं करतो ते.

आपल्या घरांतून नेमकं उलटं शिकवलं जातं, आणि बायकांना तर जास्तच. राग आला तर काढून टाक, पण लघवीला लागली तर थांब. टहरौलीहून झाशीला बसने जाणारी बाई सकाळपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत जायला जागा नाही. शाळेतल्या मुली तेच करतात. तहान आणि मूत्र हे तेरातले दोन वेग एकाच दिवशी अडवले जातात, वर्षानुवर्षं. मूत्राचा वेग अडवल्याने ओटीपोटात कळ, लघवीला त्रास, डोकेदुखी होते असं चरक लिहितो. दवाखान्यात येणाऱ्या बायकांची तक्रार याच शब्दांत असते. अशा ठिकाणी आयुर्वेदाचं पहिलं औषध दरवाजा असलेलं, स्वच्छ, पाणी असलेलं शौचालय हेच आहे, असं मी ठामपणे म्हणते.

जुनं ते तपासून घ्यावं, हा धडा मराठी माणसाला स्वामी कुवलयानंदांनी दिला. त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म 1883 चा, डभोईचा. बडोद्यात राजरत्न माणिकरावांकडे व्यायाम, नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग असं त्यांचं शिक्षण. 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती उतरतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजलं, क्ष-किरणांची मदत घेतली. श्रद्धा असूनही मोजायचं धाडस करणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो. चूर्णं-भस्मांच्या बाबतीतही तेच धोरण हवं. झाशीत आयुर्वेदाचं सरकारी महाविद्यालय आहे, बैद्यनाथचा कारखाना आहे, त्यामुळे औषध कुठेही सहज मिळतं. पण पारा, शिसं घातलेली भस्मं जत्रेतल्या पुडीतून घेऊ नयेत, आणि मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नयेत.

वाचायला मराठीत दोन पुस्तकं मी जवळ ठेवते: गणेश कृष्ण गर्दे यांचं ‘सार्थ वाग्भट’ आणि कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं ‘भारतीय मानसशास्त्र अथवा सार्थ आणि सविवरण पातंजल योगदर्शन’. दुसरं जाड आहे, पण एका वेळी एक सूत्र घेतलं तर जड नाही. वाग्भटाचे दुसरा, तिसरा आणि चौथा हे अध्याय, म्हणजे दिनचर्या, ऋतुचर्या आणि रोग होऊ नयेत म्हणून काय करावं, हे आधी वाचावेत. औषधांच्या अध्यायांना घाई नाही.

आम्ही अंगणात सध्या चौथ्या अध्यायावर आहोत. त्याचीही सुरुवात वेग न अडवण्यापासूनच होते. मी ओळीचा अर्थ हिंदीत सांगते, मग बायका तो बुंदेलीत आपसांत बोलून घेतात. मागच्या वेळी एकीने विचारलं की वाग्भटाने हे राजासाठी लिहिलं की सगळ्यांसाठी, आणि सगळ्यांसाठी असेल तर बसथांब्यावर सोय का नाही. त्यावर आम्ही पंचायतीला द्यायचा अर्ज लिहायला बसलो. त्यावर सह्या आणि अंगठे घेण्याचं काम सुरू आहे.