डाव्या गालावरचं ऊन

मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, असा वर्षातून दोनदा सूर्य भरदुपारी मालाडच्या बरोब्बर डोक्यावर येतो. विजेच्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच गडप होते. जुलैतला मुहूर्त बहुधा ढगांत जातो, मेमधला काही चुकत नाही. असं ऊन वर्षानुवर्षं खाल्लेल्या चेहऱ्यावर वांग, काळे डाग, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या दिसल्या की आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. एकदा आरशासमोर दंडाची आतली बाजू गालाशेजारी धरून बघा. दोन्हींचं वय एकच आहे!

2012 साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 69 वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला. माणसाने 28 वर्षं ट्रक चालवला होता. खिडकीकडचा, म्हणजे डावा गाल जाड, लोंबलेला, सुरकुत्यांनी भरलेला आणि उजवा त्यामानाने तरुण. अतिनील किरणांतले ‘बी’ गटातले किरण काचेवर अडतात, त्यामुळे काचेआड बसल्यावर चटका बसत नाही. ‘ए’ गटातले मात्र गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून आरपार येतात, त्वचेत खोल उतरतात आणि तिला ताठ ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडतात. दुखत नाही, भाजत नाही, म्हणून कळतही नाही.

हेच गणित आता हायवेवर मांडून बघा. सकाळी मालाडहून अंधेरी-वांद्र्याकडे निघालात की तोंड दक्षिणेला, ऊन पूर्वेचं, म्हणजे डाव्या हाताला. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला, ऊन पश्चिमेचं, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताला! आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तो सुटतो. शेजारी बसणाऱ्याचा डावा गाल मात्र दोन्ही वेळा सापडतो. सकाळ-संध्याकाळचं ऊन कोवळं असतं हे खरं, पण त्यात ‘बी’ किरण जेवढे घटतात तेवढे ‘ए’ घटत नाहीत.

डागांची गोष्ट तर याहून नवलाची. बाह्यत्वचेच्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात त्यांची संख्या जवळपास सारखीच. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या जातीचा रंग बनवतात यात. अशा प्रत्येक पेशीला लांब फांद्या असतात आणि त्या फांद्यांतून ती आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना मेलॅनिनचे कण पुरवते. कण मिळालेली पेशी ते कुठेही पसरून ठेवत नाही. आपल्या केंद्रकाच्या वर, बरोब्बर उन्हाच्या बाजूला रचते, छत्री धरल्यासारखे. आतला डीएनए सावलीत राहावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. वांगात हीच यंत्रणा जरुरीपेक्षा जास्त कामाला लागते. ऊन, गर्भारपणातले किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे झालेले संप्रेरकांचे बदल आणि आईकडून-आजीकडून आलेला वारसा, अशी तिची कारणं.

उपायांतले काही तर योगायोगानेच हाती लागले. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव थांबवायचं औषध. पाळीत फार अंगावर जात असेल तर डॉक्टर देतात ते. 1979 मध्ये जपानमध्ये अंगावर गांधी उठणाऱ्या रुग्णाला ते दिलं आणि चेहऱ्यावरचा वांग फिकट झालेला दिसला. ट्रेटिनॉइन आलं मुरुमांसाठी. लावणाऱ्या बायकाच सांगू लागल्या की सुरकुत्याही कमी झाल्या. दोन्ही आज वापरात आहेत, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गरोदरपणात ट्रेटिनॉइन वर्ज्य.

माझं मत विचाराल तर पहिला मान साध्या सनस्क्रीनचाच. ऑस्ट्रेलियातल्या नाम्बूर गावी 900 हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज नेमाने सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण त्या काळात मोजण्याइतकं वाढलंच नाही. वांग असेल तर रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्यावं. कारण सावळ्या त्वचेवर डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही डाग गडद करतो आणि तो बिनरंगी सनस्क्रीनने फारसा अडत नाही. दोन बोटांवर भरेल एवढं घ्यायचं, चाटून-पुसून नाही. उन्हात असलात तर दर दोन तासांनी पुन्हा. बोंबील सुकवायला दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या मढ-भाटीच्या मावशींना हे परवडणं कठीण. त्यांना रुंद काठाची टोपी आणि घट्ट विणीचा पदर जास्त कामाचा.

आठ दिवसांत गोरं करणाऱ्या डबीची मात्र भीती बाळगा. 2023 मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात छडा लागला तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंग बनवणारं विकर बंद पाडतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून आत मुरतो आणि मूत्रपिंडांना गाठतो. स्टेरॉइडची मलमं दुसऱ्या तऱ्हेने छळतात. सुरुवातीला झकास उजळ, मग त्वचा पातळ, लालबुंद, लव वाढलेली आणि मलम सोडलं की आगच आग. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून सर्रास घेतली जातात.

तेव्हा घरातली ट्यूब आजच उलटून वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ती चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकदम बंद करू नका. ट्यूब पर्समध्ये टाका आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि डबीवर घटकांची यादीच नसेल, तर ती डबी चेहऱ्याला लावूच नका.