मागच्या चाकाच्या बत्तीस तारा

पहाटे ४:४०

गजराच्या आधीच जाग येते. डोंबिवलीत या वेळी रस्त्यावर पेपरवाले, दूधवाले आणि पहिल्या लोकलसाठी निघालेली माणसं, एवढेच. सायकल जिन्यावरून खाली आणली की आधी मी मागचं चाक उचलून हाताने फिरवतो आणि ब्रेकच्या रबरापाशी डोळा नेतो. रबर आणि रिम यांच्यातली फट सगळा फेरा सारखी राहिली, तरच निघायचं. तीस वर्षांत हा नेम चुकलेला नाही.

मानपाडा रोडने शीळ रस्त्याला, तिथून काटई नाका, बदलापूर पाइपलाइन रोड, खोणी, नेवाळी नाका आणि परत. ऑक्टोबर लागला आहे, पाऊस गेला आहे, पण पावसाने करायचं ते करून ठेवलं आहे. आधी पेव्हर ब्लॉकचा पट्टा, त्यात मधलाच एखादा खचलेला. मग काँक्रीटच्या दोन लाद्यांमधला सांधा, नेमका टायरच्या रुंदीचा. मग डांबर, त्यातून वर आलेली खडी. अंधारात दिवा कितीही चांगला असला तरी एखादा खड्डा चुकवता येत नाहीच. तेव्हा मी सीटवरून किंचित उठतो, कोपर सैल सोडतो, आणि पुढचं काम चाकावर सोपवतो.

माझी चाकं साधी आहेत. बत्तीस-बत्तीस तारा, दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची रिम, वाटी-कोनचे हब. हब बारा वर्षांचे, रिम तिसरी. याच चाकांवर रोजचा सराव, याच चाकांवर मी शर्यतीत उतरलो आहे, याच चाकांवर दोनशे आणि तीनशे किलोमीटरचे ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत पुरे करायचे लांब पल्ले, केले आहेत. गिऱ्हाइकांनाही मी हेच सांगतो: रोजच्या रस्त्यावर ज्या चाकाने तुम्हाला दगा दिला नाही, तेच शर्यतीला न्या.

सकाळी ७:००

चहा होईपर्यंत ओल्या फडक्याने दोन्ही रिमा पुसतो. फडक्यावर करडा गाळ येतो. ती रिमचीच झीज. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात रेती रुतून बसते आणि मग प्रत्येक ब्रेक म्हणजे रिमवर फिरवलेली कानस. चार महिन्यांच्या पावसात रिम जेवढी झिजते तेवढी कोरड्या आठ महिन्यांत झिजत नाही. पट्टीची कड रिमच्या भिंतीला उभी टेकवून पाहावी. मधे उजेड दिसला की भिंत आत गेली, रिम बदलायची वेळ जवळ आली. पातळ झालेली भिंत हवेच्या दाबाने फाटते, आणि फाटते ती बहुतेक उतारावर, ब्रेक दाबलेला असताना.

सकाळी ९:३०

दुकानाचं शटर अर्धं वर होतं, तेवढ्यात एक ओळखीची मुलगी आली. डोंबिवली पश्चिमेला राहते, ठाण्यात नोकरी. मोठागाव-माणकोली पूल झाल्यापासून सायकलनेच जाते: पूल, मग नाशिक हायवे, खारेगाव, माजिवडा. सायकल हाताने ढकलत आणली होती. मागचं चाक ब्रेकला घासत होतं.

"काका, परत तार तुटली."

"कितवी गं?"

"तिसरी. दोन महिन्यांत तिसरी. रविवारी दोनशेचा ब्रेव्हे आहे, डिसेंबरात शर्यत आहे. ऑफिसातले म्हणतात, आता चांगली महागाची चाकं घेऊनच टाक."

मी चाक काढून स्टँडला लावलं. तिन्ही तारा गिअरच्या बाजूच्या, तिन्ही एकाच जागी तुटलेल्या: हबच्या भोकातून तार वळते त्या कोपऱ्यात. शेजारच्या तारा बोटाने छेडून पाहिल्या. एक टणकन वाजली, दुसरी घुमली, तिसरी वाजलीच नाही. यंत्रावर बांधलेलं चाक होतं, आऊट काढलेलं, दिसायला सरळ. पण सरळ दिसणाऱ्या चाकातही तारांचा ताण कमी-जास्त असू शकतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो कानाला कळतो.

लोकांना वाटतं, तार जास्त ताणली म्हणून तुटली. ती बहुतेक वेळा ढिली असते म्हणून तुटते. चाकावर वजन आलं की जमिनीलगतच्या तीन-चार तारांचा ताण थोडा उतरतो, त्या वर गेल्या की पुन्हा चढतो. चाकाचा एक फेरा म्हणजे साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर. म्हणजे दोनशे किलोमीटरला चाक पंचाण्णव हजार वेळा फिरतं आणि प्रत्येक तार पंचाण्णव हजार वेळा उतरते-चढते. घट्ट तार हे निमूट सोसते, कारण तिचा ताण कधीच पुरता जात नाही. ढिली तार मात्र प्रत्येक फेऱ्याला लुळी पडून पुन्हा झटका खाते आणि हबच्या भोकात हलत राहते. बांधणीची तार आपण हाताने इकडेतिकडे वाकवून तोडतो, तसंच ते.

"मग नुसती ती एक बदलून चालणार नाही?"

"आज चालेल. पण बाकीच्या तेरा-चौदा तिच्याच वयाच्या आहेत गं, तिच्याएवढंच सोसलेल्या. एखादी मुरबाडच्या पुढे रात्री तुटेल."

हब मी उघडून पाहिला. छर्रे चकचकीत, कोनला डाग नाही, फक्त ग्रीस काळं पडलेलं. तो ठेवायचा. रिमला मात्र एका जागी पोचा होता, पेव्हरच्या कडेवर आपटून आलेला. पोचा पडलेल्या रिमला सरळ आणायचं तर तिथल्या तारा ढिल्या कराव्या लागतात, म्हणजे तुटण्याची तयारी आपणच करून ठेवायची. नवी रिम, नव्या बत्तीस तारा, जुना हब. टायरही तेवीसचा काढून अठ्ठावीसचा. तिच्या फ्रेममध्ये तो बसतो, हे मी आधी बघून घेतलं. तेवीसच्या टायरमध्ये ती एकशेवीस पौंड हवा भरत होती. तिचं वजन अठ्ठावन्न किलो. अठ्ठावीसच्या टायरला सत्तर-पंच्याहत्तर पुष्कळ झाली. रस्त्याचा दणका आधी रबराने खावा, मग रिमने.

ती रिक्षाने स्टेशनला गेली.

दुपारी १२:००

सुट्टी म्हणून भाचा आला आहे. त्याला तारा ओवायला दिल्या. तारा मी दोन मिलिमीटरच्याच घेतो, पण मधे बारीक केलेल्या, एक पूर्णांक आठच्या. मधला भाग जरासा लवचीक राहतो, दणका तिथे जिरतो, कोपरा वाचतो. निपल पितळी. ॲल्युमिनियमची हलकी असतात, पण आपल्याकडची खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचं पाणी यात ती रिमला धरून बसतात, आणि दोन वर्षांनी पाना लावला की गोल होतात.

भाचा तासाभरात उठला. "मामा, झालं." चाक खरंच छान दिसत होतं. प्रत्येक तार तिघींना ओलांडून गेलेली, शेवटच्या ओलांडीला खालून. मी व्हॉल्व्हचं भोक पाहिलं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या तारा त्याच्यावरच एकमेकींकडे झुकल्या होत्या.

"सगळं उसव."

"एवढ्यासाठी?"

त्याच्या हातात मी हातपंप दिला आणि म्हटलं, लावून दाखव. तारांच्या कातरीत पंपाचं तोंड शिरेना. मग मी त्याला हायवेची कड, रात्रीचे अकरा, कपाळावरची बॅटरी आणि बाजूने जाणारे ट्रेलर हे सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह यायचा तो एकमेकींपासून दूर जाणाऱ्या दोन तारांच्या मोकळ्या जागेत. पहिली तार भोकाच्या कुठल्या बाजूला जाते, यावर पुढच्या एकतीस तारांची जागा ठरते. त्याने तोंड पाडलं, पण बसून सगळं उसवलं. मी त्याच्या वयात हेच केलं होतं, वडिलांच्या देखत.

वडील काळ्या सायकलींची चाकं बांधायचे. त्या सायकलींना पुढे बत्तीस तारा, मागे चाळीस. आजही मलंगगडाच्या रस्त्याचा एक दूधवाला माझ्याकडे येतो. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन, वर पिशव्या. त्याच्या मागच्या चाकाने कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही. वजन जिथे पडतं तिथे तारा जास्त, हा हिशेब त्या सायकली बनवणाऱ्यांनी केव्हाच करून ठेवला होता. एकदा वडील मला खोपोलीला मुंबई-पुणे सायकल शर्यत दाखवायला घेऊन गेले होते. 'घाटाचा राजा' कोण होणार म्हणून सगळे स्पर्धकांच्या तोंडाकडे बघत होते आणि वडील वाकून त्यांची चाकं बघत होते.

दुपारी २:१५

दोन चाकं गोणपाटात बांधून ठाण्याला निघालो. लोकलच्या मालडब्यात दुपारी जागा मिळते. एका मावशीने आपली मासळीची टोपली पायाने सरकवून चाकांना भिंतीशी जागा करून दिली. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. उभं राहूनच मी गोणपाटावर हात ठेवतो. चाक आडवं ठेवून त्यावर कुणाची ट्रंक पडावी, एवढं सोपं नुकसान दुसरं नाही.

ही चाकं ज्याच्यासाठी, तो नौपाड्यातला गिऱ्हाईक सेहेचाळीसचा आहे, रोज पहाटे उपवनवरून येऊरचा चढ चढतो. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांत पुरी केली, तेव्हा त्याने सायकल घेतली. असे बरेच आले माझ्याकडे त्या सुमारास. त्याच्याकडे कार्बनची पन्नास मिलिमीटर खोल चाकं आहेत, आणि मी आणलेली साधी जोडी त्यांच्याहून तीनशे ग्रॅम जड. तो तराजू घेऊनच बसला होता.

"तीनशे ग्रॅम म्हणजे चढावर किती हो?"

मी त्याच्या पाटीवर मांडून दाखवलं. तो आणि सायकल मिळून ऐंशी किलो. तीनशे ग्रॅम म्हणजे शेकड्याला अर्ध्याहूनही कमी. पंधरा मिनिटांच्या चढाला फरक साडेतीन सेकंदांच्या आतबाहेर. तार तुटून चाक ब्रेकमध्ये अडकलं, तर उतरून ब्रेक सैल करायलाच दोन मिनिटं जातात.

खोल रिमांचा फायदा खोटा नाही. सपाट, मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर चाळीसच्या वेगाला त्या वारा कापतात, आणि घड्याळाशी शर्यत असेल तर त्या लावाव्यात. मी त्याला तसंच सांगितलं. पण पावसात कार्बनवर ब्रेक उशिरा धरतो, खाडीपुलावर आडवा वारा खोल रिमला ढकलतो, आणि येऊरच्या उतारावरच्या खड्ड्यात कार्बनला तडा गेला तर ती ठोकून सरळ करता येत नाही. फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही शर्यत १८९६ पासून चालू आहे. तिच्यात पन्नास किलोमीटरच्या वर रस्ता नुसता दगडी फरसबंदीचा. ज्यांना जगातलं कुठलंही चाक फुकट मिळत होतं, असे नामांकित खेळाडू कितीतरी वर्षं तिथे हाताने बांधलेली बत्तीस तारांची साधी चाकं घालून उतरत. तो फोटो मी त्याला मोबाइलवर दाखवला. त्याने मोठा करून तारा मोजल्या.

जोडी त्याने ठेवून घेतली. कार्बनची भिंतीवर टांगली आहेत, शर्यतीच्या दिवसासाठी. त्याला माझी ना नाही. फक्त एवढंच सांगितलं की शर्यतीच्या आधीचा आठवडाभर तीच चालव, म्हणजे वळणावर ती कशी झुकतात ते अंगात बसेल.

संध्याकाळी ६:००

आता खरं काम. दुकानात गर्दी असते, हवा भरायला मुलं येतात, पंक्चर भाचा काढतो. मी पाठ भिंतीला लावून स्टँडपाशी बसतो.

निपलच्या आट्यांना तेलाचा थेंब. मग सगळीकडे सारखे फेरे, आट्या दिसेनाशा होईपर्यंत. एका फेऱ्यात तार अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी सरकते, म्हणून पुढे पाव फेरा, मग त्याच्याही अर्धा. आधी उंचवटे, मग डावं-उजवं, मग मध्य. मागच्या चाकाला गिअरमुळे उजव्या तारा उभ्या आणि डाव्या तिरप्या असतात. रिम बरोबर मध्ये आणायची तर उजव्या बाजूचा ताण डाव्यापेक्षा पुष्कळ जास्त ठेवावा लागतो. म्हणून उजवीकडून सुरुवात करायची, त्या बाजूला पुरेसा ताण चढवायचा, आणि डावी बाजू तिच्या मागून आणायची. भित्रा हात दोन्हीकडे कमी ताण ठेवतो. सकाळचं चाक तसंच होतं.

ताण वाढला की पाना फिरवताना तारही पिळते. म्हणून हवं त्याहून किंचित पुढे जायचं आणि तेवढंच मागे यायचं. तरी पीळ राहतोच. त्यावर वडिलांचा उपाय: शेजारच्या दोन समांतर तारा मुठीत धरून जोरात आवळायच्या, चाकभर, दोन्ही बाजूंनी. कोपरे हबवर नीट बसतात, पीळ सुटतो, टक् टक् आवाज येतो. योब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने १९८१ साली सायकलच्या चाकावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात या आवळण्याला मोठं स्थान आहे. वडिलांनी ते पुस्तक पाहिलं नव्हतं. त्यांच्या तळहाताला आडवे वळ असायचे, तेच माझ्याही हाताला आहेत.

आवळलं की चाक पुन्हा थोडं आऊट जातं. पुन्हा काढायचं. पुन्हा आवळायचं. चौथ्या वेळी ते हललं नाही.

मग भाच्याला बोलावलं आणि डोळे मिटायला सांगितलं. उजव्या बाजूच्या सोळा तारा एकेक करून छेडल्या. अकराव्या तारेला त्याने हात वर केला. बरोबर होतं, ती जरा खालच्या सुरात होती. पाव फेरा त्यानेच दिला.

रात्री ९:२०

रिमची पट्टी चढवण्याआधी मी तिच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख आणि दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी लिहितो. पुढे कुठल्याही गावात, कुठल्याही दुकानात हे चाक उघडलं गेलं तर त्या माणसाला मोजत बसायला नको. दोन जादा तारा, एक डावी, एक उजवी, चिकटपट्टीने सकाळच्या मुलीच्या सायकलच्या फ्रेमला लावल्या.

ती ठाण्याहून परस्पर आली, चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा. चाक उचलून तिने स्वतःच फिरवलं आणि रबरापाशी वाकून बघितलं. सकाळी हे तिला शिकवलं नव्हतं. मला बरं वाटलं.

"उद्या काय करू?"

"उद्या पन्नासेक किलोमीटर चालव. टिटवाळ्यापर्यंत जाऊन ये. खड्डे चुकवू नकोस, मुद्दाम घाल. आणि येताना इथे थांब, मी परत एकदा वाजवून बघतो."

"दुकान कधी उघडता?"

"तू येशील तेव्हा उघडं असेल."

भाच्याने शटर ओढलं. पाना मी खिशात तसाच घेऊन घरी आलो.