तारेपलीकडचा पाक : घरच्या घरी कॅरॅमल सिरप

कॉफीगृहांच्या फलकांवर 'कॅरॅमल' हा शब्द आता सर्रास दिसतो. त्यामागची खमंग, किंचित कडवट गोडी मात्र शहरी खवय्यांना नवी नाही. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतील कॅरॅमल कस्टर्डने ती कित्येक वर्षांपूर्वीच ओळखीची करून दिली आहे. केरळमधील नाताळच्या प्लम केकचा गडद रंगही जाळलेल्या साखरेच्या पाकाचाच असतो. कॉफी, थंड दूध, आइस्क्रीम, पुडिंग अशा अनेक पदार्थांत वापरता येणारे कॅरॅमल सिरप घरी करण्यासाठी मुख्यतः साखर आणि पाणी हे दोनच जिन्नस लागतात. तरीही ते अनेकदा फसते. कधी त्याची पुन्हा साखर होते, कधी ते करपते, तर कधी करणाऱ्याचा हात भाजतो.

याचे कारण बहुधा सवयीत असते. गुलाबजामचा किंवा रव्याच्या लाडवांचा पाक बोटांनी जोखण्याची आपल्या स्वयंपाकघरांची रीत आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये थेंब धरायचा आणि तार पाहायची. कॅरॅमल मात्र तारेच्या पलीकडचा पाक आहे. तो डोळ्यांनी आणि नाकाने जोखावा लागतो. तिथे बोट लावणे धोक्याचे ठरते.

पाक संपतो आणि कॅरॅमल सुरू होते

साखरेच्या द्रावणातील पाणी जसजसे उडून जाते, तसतसे त्याचे उकळण्याचे तापमान वाढत जाते. एकतारी पाक साधारणतः १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास होतो. थंड पाण्यात मऊ गोळी होणारा पाक ११२ ते ११६ अंशांवर मिळतो. थंड पाण्यात टाकताच कडक होऊन कटकन मोडणारा चिक्कीचा पाक १५० अंशांच्या घरात असतो. इथपर्यंत साखर ही साखरच राहते, फक्त तिच्यातील पाणी कमी होत जाते.

साधारण १६० अंशांनंतर साखरेचे रेणू स्वतःच फुटू लागतात आणि त्यांच्यापासून शेकडो नवी संयुगे तयार होतात. लोण्याची आठवण करून देणारे डायअसिटिल, भाजक्या साखरेचा वास देणारे माल्टॉल, सुक्यामेव्यासारखा खमंगपणा देणारी फ्युरान गटातील संयुगे ही त्यांपैकी काही. याच टप्प्यावर तपकिरी रंगाचे मोठे रेणूही तयार होतात. रंग जितका गडद, तितकी गोडी कमी आणि कडवटपणा अधिक.

साखर नेमक्या कोणत्या तापमानाला वितळते, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ती वितळते तेव्हाच तिचे विघटनही होत असते आणि हे तापमान तिला किती वेगाने तापवले यावर अवलंबून असते, असे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले. म्हणूनच पाककृतीत लिहिलेली 'इतकी मिनिटे' कॅरॅमलच्या बाबतीत फारशी भरवशाची नसतात. शेगडीची आच आणि भांड्याचा तळ बदलला की वेळही बदलते.

साहित्य आणि भांडे

सुमारे अडीचशे मिलीलिटर सिरपसाठी २०० ग्रॅम साखर, सुरुवातीला ६० मिलीलिटर (पाव कप) पाणी, नंतर घालण्यासाठी १५० मिलीलिटर कडकडीत गरम पाणी, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब आणि चिमूटभर मीठ एवढे साहित्य पुरते. साखर स्वच्छ आणि शक्यतो बारीक दाण्याची घ्यावी, कारण ती लवकर विरघळते. गूळ या कामासाठी योग्य नाही. त्यातील इतर घटकांमुळे तो लवकर करपतो, आणि तो मुळातच तपकिरी असल्याने रंगाचा अंदाजही येत नाही.

भांडे जाड बुडाचे, स्टेनलेस स्टीलचे आणि साखरेच्या मानाने बरेच मोठे असावे, कारण पाणी घालताच मिश्रण उसळून वर येते. काळ्या नॉनस्टिक भांड्यात रंग नीट कळत नाही. कल्हईचे भांडेही टाळावे. कल्हईतील कथिल २३२ अंशांना वितळते आणि आचेवरील भांड्याचा तळ कॅरॅमलपेक्षा बराच जास्त तापू शकतो.

कृती

भांड्यात साखर, पाव कप पाणी आणि लिंबाचा रस एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे. साखर पूर्ण विरघळेपर्यंतच हलवावे. उकळी आल्यावर दोन मिनिटे झाकण ठेवावे, म्हणजे वाफेने कडेला चिकटलेले साखरेचे कण धुऊन निघतात. त्यानंतर झाकण काढून चमचा बाजूला ठेवावा. उकळत्या पाकात चमचा फिरवला किंवा कडेचा एखादा कण आत पडला, तरी सगळ्या पाकाची पुन्हा साखर होऊ शकते. गरज वाटल्यास भांडे दांड्याला धरून अलगद गोल फिरवावे.

लिंबाचे काम इथेच असते. आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. हे निराळे रेणू साखरेचे स्फटिक जुळून येऊ देत नाहीत. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात त्यामागेही हेच कारण आहे.

काही वेळाने बुडबुडे मोठे आणि संथ होतात आणि कडेने पिवळसर छटा दिसू लागते. येथून पुढे शेगडीसमोरून हलू नये. फिकट पिवळ्यापासून काळ्यापर्यंतचा प्रवास एक-दोन मिनिटांत संपू शकतो.

थांबावे कधी?

आइस्क्रीम, फळे, पुडिंग अशा गोड पदार्थांवर घालायचे सिरप मधासारखा सोनेरी रंग येताच थांबवावे. कॉफी किंवा दुधासाठी ते आणखी पुढे, कोऱ्या चहासारखा तांबूस-तपकिरी रंग येईपर्यंत न्यावे. दुधात मिसळल्यावर फिकट कॅरॅमलची केवळ गोडी उरते. थोडा कडवटपणा असेल तरच चव टिकते. फेसामुळे रंग कळत नसेल, तर चमच्याने एक थेंब पांढऱ्या बशीत टाकून पाहावा. वास हीदेखील चांगली खूण आहे. सुरुवातीचा नुसता गोड वास खमंग होतो आणि नंतर नाकाला झोंबू लागतो. झोंबण्याच्या आधी थांबायचे असते. आच बंद केल्यावरही भांड्याच्या उष्णतेने रंग चढतच राहतो, म्हणून हवा तो रंग येण्याच्या किंचित आधीच गॅस बंद करावा.

यानंतरचा टप्पा सर्वांत जोखमीचा आहे. या वेळी पाकाचे तापमान १७० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते आणि पाणी १०० अंशांनाच उकळते. त्यामुळे पाणी पडताच त्याची वाफ होऊन मिश्रण जोराने उसळते. गॅस बंद असावा, पाणी थंड नसून कडकडीत असावे आणि ते लांब दांड्याच्या डावाने थोडे-थोडे सोडावे. चेहरा भांड्यावर आणू नये. लहान मुलांना या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवणेच बरे. पाकाचा काही भाग कडक होऊन तळाशी बसला, तर मंद आचेवर दोन-तीन मिनिटे ढवळल्यास तो विरघळतो. शेवटी मीठ घालावे.

गरम असताना सिरप पातळ दिसते, ते थंड झाल्यावर दाट होते. कोमट झाल्यावर मात्र बोटांची परीक्षा पुन्हा उपयोगी पडते. थेंब बोटांना किंचित चिकट, मधापेक्षा पातळ लागला की दाटपणा योग्य समजावा.

स्वाद केव्हा घालावा?

तापलेल्या कॅरॅमलमध्ये थेट घातलेले मसाले करपतात आणि अर्क उडून जातात. त्यामुळे दालचिनी, लवंग, चक्रीफूल, ठेचलेले आले किंवा संत्र्याची साल (आतला पांढरा भाग काढून) यांचा स्वाद पाण्यातूनच द्यावा. नंतर घालायच्या पाण्यात हे जिन्नस उकळून, वीस मिनिटे झाकून ठेवून पाणी गाळून घ्यावे. ते मोजून १५० मिलीलिटर भरेल असे पाहावे आणि पुन्हा गरम करून वापरावे. कॉफीच्या स्वादासाठी याच पाण्यात दोन चमचे इन्स्टंट कॉफी विरघळवावी. वेलदोड्याची पूड आणि किसलेले जायफळ तयार गरम सिरपमध्ये घालावे. कॉफीत जायफळ घालण्याची सवय असलेल्या मराठी घरांना हा मेळ विशेष आवडावा. व्हॅनिला किंवा केवड्याचा अर्क सिरप पूर्ण थंड झाल्यावरच मिसळावा.

खारट कॅरॅमलची आजची लोकप्रियता फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून आली. तेथील किबरों गावात आँरी ल रू या मिठाईकाराने १९७७ मध्ये खारट लोणी घातलेले कॅरॅमल तयार केले. सिरपमध्ये मात्र लोणी किंवा साय घालू नये. ती घातली की त्याचा सॉस होतो. तो आठवडाभरात संपवावा लागतो आणि थंड कॉफीत त्याचे तूप तरंगते. दुधाच्या पदार्थांचा तपकिरी खमंगपणा ही वेगळीच प्रक्रिया आहे. साताऱ्याचा कंदी पेढा भाजताना दुधातील प्रथिने आणि शर्करा यांच्यात ती घडते.

वापर आणि प्रमाण

सिरपच्या एका मोठ्या चमच्यात (१५ मिलीलिटर) सुमारे ११ ग्रॅम साखर असते. पेलाभर थंड कॉफीला दोन चमचे पुरतात, म्हणजे त्यातच सुमारे २२ ग्रॅम साखर पोटात जाते. पदार्थांत घातलेल्या साखरेचे आणि तत्सम शर्करांचे प्रमाण दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावे आणि शक्यतो ते ५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले आहे. तेव्हा सिरप घातलेल्या कॉफीत वेगळी साखर घालू नये. गडद सिरपचा इथेही फायदा होतो. त्याची चव तीव्र असल्याने कमी प्रमाणात काम भागते.

उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरून सिरप फ्रिजमध्ये ठेवावे. त्यातील साखरेचे प्रमाण बाहेर टिकण्याइतके जास्त नसते. साधे सिरप महिनाभरात, तर आले किंवा सालीचे सिरप पंधरा दिवसांत संपवावे.

बिघडले तर

पाकाची साखर झाली, तर पाव कप पाणी घालून ती पूर्ण विरघळवावी आणि पुन्हा सुरुवात करावी. सिरप फार दाट झाले, तर थोडे गरम पाणी मिसळावे. पातळ राहिले, तर आणखी दोन-तीन मिनिटे उकळावे. मात्र धूर येऊन काळे झालेले कॅरॅमल टाकूनच द्यावे. त्याचा कडूपणा आणखी साखर घालून जात नाही. भांडे घासत बसू नये. त्यात पाणी घालून उकळले की कडक थर आपोआप विरघळतो.

भाजल्यास काय करावे?

गरम पाक त्वचेला चिकटून राहतो, त्यामुळे त्याचे भाजणे उकळत्या पाण्यापेक्षा खोलवर जाऊ शकते. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. चिकटलेला पाक ओढून काढू नये, पाण्याने तो विरघळतो. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. मोठा फोड आल्यास, चेहरा भाजल्यास किंवा लहान मूल भाजल्यास डॉक्टरांकडे जावे.