झेब्रा माशाच्या मेंदूतली पायपीट

माझ्या भडगावच्या घरातल्या टाकीत झेब्रा डॅनिओनं, म्हणजे झेब्रा माशानं, परवा अंडी घातली. टाचणीच्या डोक्याएवढी, काचेसारखी पारदर्शक. भिंगातून दुसऱ्या दिवशी पिल्लाचं धडधडणारं हृदय दिसलं आणि लिहायला बसलो.

या पारदर्शकपणामुळेच शास्त्रज्ञ जिवंत पिल्लाचा मेंदू घडताना सूक्ष्मदर्शकाखाली बघू शकतात. चेतापेशी जन्मतात एकीकडे आणि कामाला लागतात दुसरीकडे. मधलं अंतर त्या सरपटत कापतात.

त्यासाठी पेशींना एकमेकींना चिकटावं लागतं. ते काम कॅडहेरिन नावाची प्रथिनं करतात आणि त्यांना कॅल्शियम लागतंच. जत्रेच्या गर्दीत हात धरून चालणाऱ्या पोरांसारख्या अनुमस्तिष्कातल्या (लहान मेंदूतल्या) कणपेशी नावाच्या चेतापेशी साखळीनं पुढे जातात.

२००९ मध्ये जर्मनीतले संशोधक कोस्टर यांच्या गटानं दाखवलं, की कॅडहेरिन-२ बिघडलं तर या पेशी हलतात, पण दिशा हरवतात. मला हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. चिकटणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हे. पेशी पुढे सरकते तेव्हा हे प्रथिनही तिच्या पुढच्या टोकाकडे सरकतं. पकड फार घट्ट झाली तरी पेशी अडकणार, म्हणून धरणं-सोडणं सतत चालू राहतं.

हा झेब्रा मासा मूळचा आपल्याच भागातला, भारतीय उपखंडातल्या ओढ्या-नद्यांतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांची प्रयोगशाळा याच माशाच्या त्वचेतल्या पेशींचा अभ्यास करते.

कुणाला अंडी बघायची असतील किंवा काही विचारायचं असेल, तर खाली लिहा. शाळेतल्या पोरांचे प्रश्न आधी घेईन.